धावत्या मोटारीतील कॅमेरा : वाऱ्याची घोंघों आणि चित्राची थरथर

टेबलावरचा पंखा मोठ्या वेगावर लावा. त्याच्या समोर हातभर अंतरावर मोबाइल धरा आणि आपल्या मित्राला शेजारी उभे राहून पाढे म्हणायला सांगा. ध्वनिमुद्रण करा व नंतर ऐका. मित्राचा आवाज तुम्हाला स्वतःला तर स्वच्छ ऐकू आला होता. पंख्याची घरघरही काही फार नव्हती. पण मोबाइलमधून ऐकू येते ते काय? नुसती घोंघों, मध्येच खरखर, आणि त्याखाली कुठेतरी गाडला गेलेला ‘सत्तावीस, छत्तीस’. आता मोबाइलवर लोकरीचा एक मोजा चढवा आणि हाच प्रयोग पुन्हा करा. पाढे ऐकू येऊ लागतील. हा मोजा काय करतो, हे समजून घेण्याची पाळी माझ्यावर माझ्या भाच्यामुळे आली.

माझा भाचा चिंचवडला एका कारखान्यात नोकरी करतो. त्याला मोटारी चालवण्याचा नाद आहे. नाद पुरा करण्याची जागा म्हणजे हमरस्ता नव्हे, हे त्याला घरच्यांनी चांगले पटवून दिलेले असल्यामुळे तो वर्षातून एखाददुसऱ्या वेळी दक्षिणेतील शर्यतीच्या ट्रॅकवर जातो. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ही नावे तुम्ही वृत्तपत्रांत वाचली असतील. दिल्लीजवळचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट तर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तेथे झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतींमुळे सर्वांना ठाऊक आहे. अशा ट्रॅकवर शर्यत नसलेल्या दिवशी हौशी लोकांना पैसे भरून स्वतःची गाडी चालवता येते. शेजारच्या आसनावर एक अनुभवी शिक्षक बसतो आणि ब्रेक कुठे दाबायचा, वळण कुठून घ्यायचे हे सांगत जातो.

पहिल्या खेपेला भाचा परत आला तो चेहरा पाडूनच. शिक्षकाने दिवसभर सांगितलेले सगळे मुद्रित होईल, घरी बसून पुन्हा पुन्हा पाहता येईल, म्हणून त्याने समोरच्या काचेवर कॅमेरा लावला होता. मला त्याने ते चित्रीकरण दाखवले. रस्ता जेलीसारखा हलत होता, झाडे रबराची असावीत तशी वाकत होती आणि आवाज म्हणाल तर कोसळत्या धबधब्याखाली उभे राहिल्यासारखा. शिक्षकाचे ओठ हलताना दिसत होते. शब्द एकही नाही.

‘‘मामा, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग सांगा आता,’’ तो म्हणाला.

वारा ‘ऐकू’ येतो म्हणजे काय?

मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याच्यावरील हवेचा दाब कमीजास्त झाला की तो पुढेमागे होतो आणि त्यापासून विद्युत्‌संकेत तयार होतो. पडद्याला समज फक्त दाबाची. दाबातला बदल आवाजामुळे झाला की वाऱ्याच्या धक्क्यामुळे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

आता आकडे पाहू. आपण साधे बोलतो तेव्हा समोरच्या माणसाच्या कानापाशी हवेच्या दाबात सुमारे ०.०२ पास्कल एवढा चढउतार होतो. डेसिबलच्या भाषेत हा ६० डेसिबलचा आवाज. आता मोटार ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने चालली आहे असे समजा. वारा एखाद्या वस्तूवर आदळून थांबला तर किती दाब निर्माण होतो? हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली तर उत्तर येते सुमारे ४७० पास्कल. वारा एकसारखा वाहत असता तर हा दाबही स्थिर राहिला असता आणि पडदा एकदा आत दबून गप्प बसला असता. पण वारा तसा वाहत नाही. त्यात लहानमोठे भोवरे असतात आणि प्रत्येक भोवरा पडद्यावरून जाताना दाब वरखाली करतो. हा चढउतार ४७० पास्कलच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच धरला तरी तो ४.७ पास्कल होतो. मनुष्याच्या बोलण्याच्या सव्वादोनशे पटींहून अधिक! डेसिबलमध्ये सांगायचे तर सुमारे १०७. शिक्षक बिचारा ६० ऐवजी ८० डेसिबलने ओरडला, तरी तो हरणारच.

वरच्या सूत्रातला ‘वेगाचा वर्ग’ लक्षात ठेवा. वारा दुप्पट झाला की दाबाचे चढउतार चौपट होतात. उलट, वारा पाचपटीने मंद केला तर गोंगाट पंचवीसपट उतरतो. आपल्या हाती असलेले सर्वांत मोठे हत्यार हेच.

मग काचा बंद का करू नयेत? हा प्रश्न मीही विचारला. परंतु त्या ट्रॅकवर पुढच्या काचा खाली ठेवण्याचा आयोजकांचा नियम होता. चालकाला हात बाहेर काढून खूण करता यावी आणि अपघात झालाच तर मदत करणाऱ्यांचा हात चटकन आत पोचावा हा त्यामागचा हेतू. नियम योग्यच होता, तेव्हा वारा आत येणार हे गृहीत धरूनच उपाय शोधायचा होता.

उसाच्या फडातली हवा

तुम्ही कधी वाऱ्याच्या दिवशी उसाच्या फडात शिरला आहात का? बांधावर उपरणे उडून जाईल असा वारा असतो आणि चार पावले आत गेले की पानही हलत नाही. मात्र बांधावरून कोणी हाक मारली तर ती आत ऐकू येते. ऊस वाऱ्याला अडवतो, आवाजाला फारसा अडवत नाही. मायक्रोफोनवर घालतात ती स्पंजाची टोपी किंवा केसाळ कापडाचा गोळा म्हणजे असा छोटासा उसाचा फडच आहे. हवेचा प्रवाह असंख्य छिद्रांतून किंवा केसांतून वाट काढताना आपला वेग गमावतो आणि मधल्या मायक्रोफोनभोवती शांत हवा राहते. आवाज म्हणजे काही हवेचे वाहणे नव्हे. हवेचे कण जागच्या जागी अत्यल्प हलतात आणि दाबाची लाट पुढे सरकते. म्हणून ती छिद्रांतून सहज आत जाते.

याशिवाय आणखी एक युक्ती या गोळ्यात दडलेली आहे. ३०० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ३०० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी एक मीटरहून थोडी जास्त असते. पाच सेंटिमीटरच्या गोळ्याच्या सगळ्या पृष्ठभागावर त्यामुळे एका क्षणी जवळजवळ सारखाच दाब असतो. भोवऱ्यांचे तसे नसते. गोळ्याच्या एका बाजूला दाब वाढलेला असतो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो घटलेला असू शकतो. मधल्या मायक्रोफोनपर्यंत सगळ्यांची सरासरी पोचते आणि भोवरे एकमेकांना मारून टाकतात. आवाज मात्र जसाच्या तसा राहतो.

पण येथे एक अट आहे. भोवरे गोळ्यापेक्षा लहान असायला हवेत. भोवऱ्याची लांबी ढोबळमानाने काढणे सोपे आहे : वाऱ्याच्या वेगाला कंप्रतेने, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांच्या संख्येने, भागा. वारा सेकंदाला २८ मीटर आणि घोंघों १०० हर्ट्‌झची असेल तर भोवरा २८ सेंटिमीटरचा. त्याच्यापुढे पाच सेंटिमीटरचा स्पंज काय करणार? तो गोळ्यासकट सगळ्यांना कवेत घेऊन पुढे जातो. म्हणूनच गाडीच्या बाहेर लावलेल्या मायक्रोफोनला छोटी टोपी घालून लोक निराश होतात. वरची खरखर जाते, खालची घोंघों तशीच राहते.

तोच मायक्रोफोन गाडीच्या आत, आसनाच्या आडोशाला नेला आणि तेथे वारा सेकंदाला पाच मीटर आहे असे धरले, तर दोन गोष्टी एकदम घडतात. वेग साडेपाच पटींहून अधिक घटल्यामुळे दाबाचे चढउतार सुमारे एकतीसपट उतरतात. हे झाले ३० डेसिबल. शिवाय १०० हर्ट्‌झचा भोवरा आता फक्त पाच सेंटिमीटरचा होतो, म्हणजे आपल्या गोळ्याच्या तावडीत सापडण्याजोगा. आडोसा आधी आणि टोपी नंतर हा क्रम असा सूत्रातूनच निघतो. मी मात्र बाजारात केसाळ टोपी शोधत दोन दिवस हिंडलो आणि आडोशाचा विचार नंतर केला.

बाटलीतला राक्षस

भाच्याने आणखी एक तक्रार सांगितली होती. मागची एकच काच उघडी ठेवली तर कानांत धप्‌ धप्‌ धप्‌ असे ठोके बसतात. हा अनुभव एस. टी.ने नव्हे, पण मोटारीने प्रवास करणाऱ्या पुष्कळांना आला असेल. हेच कोडे रिकाम्या बाटलीत आहे. बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर घाला, ‘हूऽऽ’ असा आवाज येतो. गळ्यातली हवा एखाद्या बुचासारखी आतबाहेर होते आणि पोटातली हवा स्प्रिंगचे काम करते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्‌झ (१८२१-१८९४) याने अशा पोकळ्यांचा अभ्यास केला म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. मोटार म्हणजे चाकांवरची बाटली आणि उघडी खिडकी म्हणजे तिचे तोंड. आतली हवा तीन घनमीटर आणि खिडकीची उघडी जागा सुमारे ०.२ चौरस मीटर घेऊन गणित केले तर कंप्रता २० हर्ट्‌झच्या आसपास येते. म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या अगदी सीमेवर. ऐकू फारसे येत नाही, पण जाणवते.

मायक्रोफोनच्या दृष्टीने हे अनुस्पंदन मोठे घातक. प्रत्येक ध्वनिमुद्रकाला मोजता येईल अशा दाबाची एक कमाल मर्यादा असते. फूटभर पट्टीने दीड फुटाची काठी मोजायला गेलात तर पट्टी ‘एक फूट’ एवढेच सांगणार. २० हर्ट्‌झची प्रचंड लाट पट्टीच्या बाहेर गेली की तिच्या माथ्यावर स्वार असलेले शिक्षकाचे शब्दही कापले जातात आणि कापलेले पुन्हा मिळत नाहीत. नंतर संगणकावर कितीही गाळण्या लावा! गाळणी पाण्यातला कचरा काढील, सांडलेले पाणी परत आणणार नाही.

उपाय मात्र फुकटचा आहे. समोरच्या बाजूची दुसरी काच थोडी उघडा. बाटलीला दुसरे भोक पडले की राक्षस निघून जातो.

गाळणीबद्दलही थोडे सांगतो. रोध आणि धारित्र जोडून कमी कंप्रता अडवणारी गाळणी कोणत्याही प्रयोगशाळेत बनवता येते. १० किलोओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले तर ती सुमारे १६० हर्ट्‌झच्या खालचे आवाज दाबू लागते. बोलण्याला याने फारसा धक्का लागत नाही. परंतु इंजिनाचे काय? चार सिलिंडरांच्या चतुष्पात इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, म्हणजे २०० स्फोट. हा सूर गाळणीच्या वर राहिला. पण ३००० फेऱ्यांना तो १०० हर्ट्‌झ होतो आणि गाळणीत अडकतो. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कधी बदलला हे ज्याला शिकायचे आहे, त्याने गाळणी ८० हर्ट्‌झच्या वर नेऊ नये असे माझे मत आहे.

मामांची चूक

आता चित्राकडे वळू. येथे मला थोडे खाली मान घालून लिहावे लागणार आहे.

चित्र थरथरते कारण कॅमेरा थरथरतो, तेव्हा कॅमेरा गाडीपासून अलग करा, मऊ बैठकीवर ठेवा, असा सल्ला मी भाच्याला दिला. आमच्या पाठ्यपुस्तकात तसे स्पष्ट लिहिले आहे. बैठकीची स्वतःची कंप्रता जितकी कमी, तितके ती वरच्या कंप्रतेचे धक्के चांगले अडवते. मी जाड स्पंज आणला, त्यावर कॅमेरा बसवला, बोटाने दाबून पाहिला आणि समाधान पावलो. भाचा दुसऱ्या खेपेला सुट्टी काढून, पैसे भरून, हजार किलोमीटर गाडी हाकत गेला आणि त्या चित्रीकरणात जेली नव्हती. पण प्रत्येक वळणावर कॅमेरा पेंगणाऱ्या माणसासारखा मान टाकत होता, आणि सरळ रस्त्यावर मान डोलावत होता. दुसरीही खेप वाया गेली. तो काही बोलला नाही, हेच मला जास्त लागले.

चूक कोठे झाली ते पाहा. कोणत्याही स्प्रिंगवर वजन ठेवले की ती काही अंतर दबते. एवढ्या एका मापावरून तिची कंप्रता काढता येते : दबलेले अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. माझा स्पंज कॅमेऱ्याखाली सुमारे एक सेंटिमीटर दबत होता. म्हणजे कंप्रता ५ हर्ट्‌झ. इंजिनाच्या १००-२०० हर्ट्‌झपुढे ही फारच छान. पण मोटार वेगात वळते तेव्हा गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.८ पट त्वरण आडवे लागू होते. जी बैठक कॅमेऱ्याच्या वजनाने एक सेंटिमीटर दबते, ती या आडव्या ओढीनेही जवळजवळ आठ मिलिमीटर सरकणार. सरकली तर सरकली, पण स्पंज एका कडेला जास्त दबतो आणि कॅमेरा तिरका होतो. पाठ्यपुस्तकातले यंत्र जमिनीवर उभे होते, ते वळणे घेत नव्हते.

आणि तिरके होणे हाच खरा शत्रू आहे. समजा, चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके आहेत आणि भिंगाला ९० अंशांचा देखावा दिसतो. म्हणजे एका अंशाला २१ ठिपके. कॅमेरा नुसता एक दशांश अंश वळला तर सगळा देखावा दोन ठिपके हलतो. उलट कॅमेरा न वळता एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर ५० मीटरवरचे झाड चित्रात एका ठिपक्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढेही जेमतेम हलते. कॅमेरा सरकला तरी चालेल, मान वळवता कामा नये.

करवतीचे पाते

मग पहिल्या खेपेची जेली कशामुळे? हे समजण्यासाठी करवतीचे एक पाते घ्या. टेबलाच्या कडेला हाताने घट्ट दाबून ते २० सेंटिमीटर बाहेर ठेवा व टोकाला पुटीचा गोळा चिकटवा. टोक खाली ओढून सोडा आणि हेलकावे पाहा. मग पाते १० सेंटिमीटरच बाहेर ठेवून पुन्हा सोडा. लांबी निम्मी केली की पात्याचा ताठपणा आठपट होतो आणि कंप्रता आठच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २.८ पट वाढते.

भाच्याने कॅमेरा काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीवर, वीस सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाला लावला होता. आम्ही गाडी उभी करून कॅमेरा चालू ठेवला, त्याला टिचकी मारली आणि चित्रातली चौकट न्‌ चौकट मोजली. सेकंदाला ६० चौकटी घेणाऱ्या चित्रीकरणात एका पूर्ण हेलकाव्याला पाच चौकटी लागत होत्या. म्हणजे १२ हर्ट्‌झ. (कसलेही उपकरण न वापरता कंप्रता मोजण्याची ही रीत मला फार आवडली. तुम्हीही वापरा.) आता योगायोग पाहा : मोटारीची चाके खडबडीत रस्त्यावर आपल्या स्प्रिंगवर उड्या मारतात, त्यांची कंप्रता साधारणतः १० ते १५ हर्ट्‌झच असते. म्हणजे आमची दांडी नेमकी चाकांच्या तालावर नाचायला सिद्ध होती. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसे.

त्यावर भर घालतो तो आजच्या कॅमेऱ्यांचा स्वभाव. त्यातले बहुतेक सबंध चित्र एका क्षणी घेत नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ते क्रमाक्रमाने वाचत जातात. फिरत्या पंख्याचा फोटो मोबाइलने काढा, पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतील. समजा, वाचायला २० मिलिसेकंद लागले आणि तेवढ्यात कॅमेरा १०० हर्ट्‌झने हलत असला, तर वरून खाली येईपर्यंत तो दोनदा डोलतो आणि सरळ खांबाला दोन लाटा पडतात. ही इंजिनाने काढलेली जेली. एका ओळीसाठी प्रकाश घेण्याचा वेळ फार लहान, जसे १/२००० सेकंद, असेल तर प्रत्येक ओळ रेखीव पण आपापल्या जागी सरकलेली येते आणि लाटा ठसठशीत दिसतात. भिंगासमोर करडी काच लावून हा वेळ १/५० सेकंदापर्यंत वाढवला, तर त्यात दोन पूर्ण कंपनांची सरासरी होते. चित्र किंचित मऊ होते, पण लाटा मावळतात.

कॅमेऱ्यातच ‘चित्र स्थिर करण्याची’ सोय असते, ती का वापरू नये, असे काही जण विचारतील. पायी चालताना अवश्य वापरा. गाडीत मात्र ती घोटाळा करते. कॅमेऱ्यातला सूक्ष्म जायरोस्कोप पृथ्वीच्या संदर्भात हालचाल मोजतो, म्हणून तो क्षितिज स्थिर ठेवतो आणि मग चित्रात स्टिअरिंग व डॅशबोर्डच नाचू लागतात. पाहणाऱ्याला हवे असते ते उलटे : गाडी स्थिर आणि रस्ता हलता. शिवाय ज्या मोबाइलमध्ये भिंगच हलवून चित्र स्थिर करतात, त्यांना इंजिनाच्या जोरदार कंपनांनी इजा होऊ शकते. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये मोटारसायकलींच्या संदर्भात तसा इशाराच प्रसिद्ध केला होता.

तेव्हा बैठक हवी कशी? चाकांच्या १०-१५ हर्ट्‌झला ती दगडासारखी घट्ट वाटली पाहिजे आणि इंजिनाच्या १०० ते २०० हर्ट्‌झला रबरासारखी मऊ. अशी कंप्रता मध्येच कुठेतरी, सुमारे ५० हर्ट्‌झला येते. बैठक आपल्या कंप्रतेच्या १.४ पटींच्या वरच धक्के अडवू लागते, म्हणजे ५० ची बैठक ७० च्या वर. ट्रॅकवर इंजिन ३५०० च्या खाली फारसे येत नाही. तेथे स्फोटांची कंप्रता ११७ हर्ट्‌झ, आणि गणित सांगते की कॅमेऱ्यापर्यंत चौथ्या हिश्श्याहूनही कमी कंपन पोचेल. ६००० फेऱ्यांना तर पंधराव्या हिश्श्याएवढेच. आणि ५० हर्ट्‌झची बैठक कॅमेऱ्याच्या वजनाने दबणार किती? एक मिलिमीटरचा दहावा भाग. वळणावर मान टाकण्याचा प्रश्नच उरला नाही.

प्रत्यक्षात आम्ही काच सोडून दिली. पुढच्या दोन आसनांच्या हेडरेस्टना लोखंडी दांड्या असतात. त्यांना मागच्या बाजूने आडवी ॲल्युमिनियमची नळी आवळली आणि तिच्यावर अगदी आखूड खुंटीवर कॅमेरा. खुंटीच्या पकडीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे. एक, दोन, तीन पदर करून टिचकी मारून पाहिले. दोन पदरांना ५० च्या जवळपास आले. कॅमेऱ्याला पोलादी तारेची जादा दोरी बांधली. हे ऐच्छिक समजू नका. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा अपघातात गुरुत्वाच्या वीसपट मंदनाला सामोरा गेला तर तीन किलोच्या दगडाइतका जोर करतो, आणि तो चालकाच्या डोक्यामागे आहे. मायक्रोफोन मात्र कॅमेऱ्यातला वापरलाच नाही. शर्टाला लावायचा छोटा मायक्रोफोन स्पंजात, त्यावर लोकरीच्या मोज्याचा तुकडा, आणि तो शिक्षकाच्या आसनाच्या पाठीमागे, खिडकीच्या वाऱ्यापासून आडोशाला. कॅमेरा आणि आवाज यांचा मेळ बसावा म्हणून आरंभी एक टाळी.

आमच्या आधीचे

या खटपटीत मी जुनी चित्रीकरणे शोधून पाहिली. १९५६ मध्ये इंग्लंडचा शर्यतपटू माइक हॉथॉर्न याने फ्रान्समधील ल माँच्या मार्गावर जॅग्वार डी-टाइप गाडीत कॅमेरा व मायक्रोफोन लावून एक फेरी मारली होती आणि चालवता चालवता तो मार्गाचे वर्णन करत होता. समोरून साधी रहदारी चाललेली! १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसन याच्या टोयोटा सेलिकामधील कॅमेऱ्याचे दृश्य थेट दूरचित्रवाणीवर दिसले आणि गाडी चालवता चालवता तो समालोचकांशी बोललाही.

पण माझे मन रमले ते क्लोद लेलूश या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९७६ मधील लघुपटात. पहाटेच्या पॅरिसमधून एक गाडी भरधाव जाते. ते कृत्य बेकायदा व धोक्याचे होते, त्याची तारीफ मी करणार नाही. तांत्रिक बाजू मात्र पाहण्याजोगी आहे. ऐकू येणारा आवाज फेरारीचा, पण कॅमेरा लावलेली गाडी होती मर्सिडीझ, तीही तेल व वायूच्या दाबावर तरंगणाऱ्या मऊ निलंबनाची. म्हणजे मऊपणा कॅमेऱ्याखाली न घालता त्याने सबंध दोन टनी गाडीखाली घातला, कॅमेरा गाडीला घट्ट बांधला आणि आवाज दुसरीकडून आणला. मी भाच्याला स्पंज देण्याआधी ही हकीकत वाचली असती तर बरे झाले असते.

तिसऱ्या खेपेहून भाचा परतला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तरी आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. डॅशबोर्ड स्थिर, खांब सरळ, वारा ऐकू येत होता पण मागे, नदीसारखा. आणि त्याच्यावर शिक्षकाचा आवाज : ‘‘अजून नाही... अजून नाही... आता ब्रेक!’’ भाच्याने ते वळण चार वेळा मागे नेऊन पाहिले. प्रत्येक वेळी त्याचा पाय त्या ‘आता’च्या आधीच खाली गेलेला होता. दिवसभर शिक्षक हेच सांगत होता म्हणे, आणि त्याला वाटत होते की आपण ते पाळतो आहोत.

एक बारीक खणखण मात्र सगळ्या चित्रीकरणात होती. सुमारे ४२०० फेऱ्यांना सुरू होई आणि ४६०० ला थांबे. एवढी अरुंद कक्षा म्हणजे कुठल्यातरी वस्तूचे अनुस्पंदन हे उघड होते. आम्ही पकड, नळी, खुंटी सगळे तपासले. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने गाडीच्या कप्प्यातून सुपारीची पत्र्याची डबी काढली आणि खणखण तिच्याबरोबर घरात गेली.